दरड किती पावसाला कोसळते? त्र्यंबकजवळच्या एका घरासाठी उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटले असेल तर लक्षात येईल. तुम्ही नाशिकमध्ये सातपूरला नोकरीला आहात, आई-वडील त्र्यंबकेश्वर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर राहतात. गेल्या उन्हाळ्यात शेडसाठी घरामागचा उतार जेसीबीने उभा कापला, साधारण दीड पुरुष उंच. आता पाऊस लागला की तुम्हाला रात्री झोप लागत नाही. म्हणून तुम्ही विचारता: चोवीस तासांत किती मिमी पाऊस झाला की दरड कोसळते? आकडा कळला तर मोबाइलवर पाऊस बघून दोघांना नाशिकला घेऊन येईन.

आकडे सांगतो, टाळाटाळ करणार नाही. पण तुम्ही जी गोष्ट जाता जाता सांगितली, तो उभा कापलेला उतार, तीच या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची आहे. या जिल्ह्यातले घाटरस्ते, पाण्याच्या टाक्यांच्या जागा, पायथ्याच्या वस्त्या यांचे उतार तपासण्यातच माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. दरडीचा आकडा पावसाचा नसतो, त्या त्या उताराचा असतो. एकाच रात्री, एकाच पावसात शेजारशेजारचे दोन उतार वेगळे वागतात. एक तसाच उभा राहतो आणि दुसरा खाली येतो.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तुमच्याही प्रश्नात तो डोकावतो. "पासष्ट मिमीच्या वर गेले की धोका" असे गावोगावी ऐकू येते. हा आकडा आला आहे पीक नुकसानीच्या पंचनाम्यातून. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि भरपाईचा विचार होतो. हवामान विभागाची जोरदार पावसाची वर्गवारीही तिथूनच सुरू होते: ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. या पायऱ्या पावसाच्या आहेत. डोंगरात मातीचा थर किती जाड आहे, उतार कोणी कापला आहे का, हे त्या आकड्यांना ठाऊक नसते.

दरडीसाठी म्हणून काढलेले आकडेही आहेत. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने १९८० मध्ये जगभरातल्या ७३ घटनांवरून एक रेषा काढली. पाऊस किती तास टिकला आणि तासाला सरासरी किती पडला, एवढ्या दोनच गोष्टी तिच्यात आहेत. त्या सूत्रातून आकडे काढले तर एका तासात सुमारे १५ मिमी, सहा तासांत ४४, चोवीस तासांत १०३ आणि तीन दिवसांत २०१ मिमी येतात. पुढे २००८ मध्ये इटलीच्या गुझेट्टी आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून अधिक घटना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्यांच्या सूत्राने चोवीस तासांचा आकडा येतो जेमतेम १३ मिमी! एकाचे १०३, दुसऱ्याचे १३, आणि आपापल्या जागी दोघांचेही बरोबर आहे. या रेषा तळाच्या आहेत. रेषेच्या वर गेले की दरड कोसळतेच असे नाही, पण तिच्याखाली ती क्वचितच कोसळते, एवढाच त्यांचा अर्थ. घटना जितक्या जास्त घ्याल, तितका एखादा फारच नाजूक उतार यादीत येतो आणि रेषा खाली सरकते. म्हणून जगाचा आकडा उचलून त्र्यंबकच्या पाड्याला लावायला माझे मन धजत नाही.

आता पाणी डोंगरात नेमके काय करते ते पाहू. तुमच्या घरामागे जो काप आहे, त्याच्यासमोर उघडिपीत जरा लांब, बाजूला उभे राहून वरून खाली बघा. आपल्याकडच्या पायथ्याला साधारण असे दिसते: वर हात-दीड हात काळसर-तांबूस माती, तीत कारवीची आणि गवताची मुळे. त्याखाली वरच्या कड्यावरून हजारो वर्षांत घरंगळत आलेले दगडगोटे आणि मधली भुसभुशीत माती. मग पिवळट मुरूम. शेवटी कातळ. कुठे कुठे बेसाल्टच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा, चिकण, हाताला मऊ लागणारा पट्टा असतो. ज्वालामुखीच्या एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तयार झालेला तो थर. पावसाचे पाणी वरच्या भुसभुशीत थरांतून झरझर उतरते आणि कातळावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर येऊन अडते. जुलैत कापाच्या भिंतीवर एक आडवी ओली रेघ दिसेल, तिथून पाणी ठिबकत असेल. दरड सुटणार असेल तर बहुतेक वेळा त्याच रेघेवरून सुटते.

पाणी अडले की ते मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साचते आणि खालून वर दाब देते. माती उतारावर टिकून राहते ती कणाकणांतल्या घर्षणावर आणि थोड्याशा चिकटपणावर. पाण्याच्या दाबाने कणांचा एकमेकांवरचा भार कमी होतो, भार कमी झाला की घर्षण कमी. पावसाने माती जड होते हेही खरे, पण पातळ थराच्या दरडीत खरे काम या दाबाचे असते.

हे आकड्यांत मांडले की उमगते. समजा ३० अंशांचा उतार आहे, कातळावर २ मीटर जाडीची मुरमाड माती आहे. तिचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, घर्षणकोन (कणाकणांतले घर्षण किती आहे ते सांगणारा कोन) ३२ अंश, आणि माती व मुळे मिळून चिकटपणा ५ किलोपास्कल. कोरड्यात या उताराची सुरक्षितता येते १.४, म्हणजे घसरवणाऱ्या जोराच्या १.४ पट धरून ठेवणारा जोर. आता कातळावर पाणी साचत जाऊ द्या. साधारण १.३५ मीटर उंचीपर्यंत पाणी चढले की हा आकडा १ वर येतो आणि माती सुटते. अशा मातीत भरण्याजोगी पोकळी १५ टक्के धरली तर त्यासाठी सुमारे २०० मिमी पाणी मातीत मुरून तिथेच थांबायला हवे.

आता त्याच उतारावरची झाडे-झुडपे काढली, मुळे कुजली आणि चिकटपणा ५ ऐवजी २ वर आला असे धरा. उतार तोच, माती तीच. कोरड्यात सुरक्षितता १.२, म्हणजे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला काहीच वेगळे जाणवणार नाही. पण आता ७० सेंटीमीटर पाण्यालाच उतार सुटतो. म्हणजे २०० मिमीऐवजी साधारण १०५ मिमी. पाऊस तेवढाच, पण दरडीचा आकडा निम्म्यावर आला. आणि ही झाली फक्त मुळांची गोष्ट. पायथा उभा कापला असेल तर हे गणित नीट लागूच होत नाही, कारण वरच्या मातीला ज्याचा टेकू होता तोच काढून घेतलेला असतो. तिथला आकडा किती खाली जाईल हे जागेवर माती तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. खाली जातो, एवढे मात्र नक्की.

मघाशी "मुरून तिथेच थांबायला हवे" असे म्हटले, त्यात दुसरी अर्धी गोष्ट आहे. पडणारे सगळे पाणी मुरत नाही, बरेचसे वरून वाहून जाते. मुरलेलेही थांबून राहत नाही, खालून झऱ्यांवाटे निघत राहते. पाझरणाऱ्या माठात वरून पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार आहे: एका वेळी किती ओतले यापेक्षा माठ आधीच किती भरलेला होता आणि पाझर किती चालू आहे याला जास्त महत्त्व. जपानमध्ये दरडीचा इशारा देताना एकाखाली एक अशा तीन कल्पित टाक्यांत पावसाचा हिशेब ठेवतात आणि जमिनीत या घडीला किती पाणी असेल याचा अंदाज बांधतात. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरासाठी तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आणखी सोपा हिशेब केला. शेवटच्या तीन दिवसांचा पाऊस एकीकडे आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांचा दुसरीकडे. आधीचे पंधरा दिवस कोरडे असतील तर तीन दिवसांत सुमारे ८९ मिमी ही धोक्याची रेषा. पण त्या पंधरा दिवसांत १०० मिमी पडून गेला असेल तर तीच रेषा सुमारे २२ मिमीवर येते. हे आकडे तिथल्या टेकड्यांचे आहेत, आपल्या सह्याद्रीला ते चालणार नाहीत. घ्यायची आहे ती पद्धत.

म्हणून जूनच्या पहिल्या पावसात १२० मिमी पडले तर मी फारसा घाबरत नाही. तडकलेली, तहानलेली जमीन ते पिऊन टाकते. तेच १२० मिमी आवणी उरकल्यावर, पंधरा दिवसांच्या संततधारेनंतर, खाचरे तुडुंब असताना आणि जिकडेतिकडे झरे फुटलेले असताना पडले तर मला काळजी वाटते. मोबाइलवरचा "आज किती" हा आकडा या दोन परिस्थितींत फरक करत नाही. तुमच्या योजनेतली पहिली अडचण ही.

दुसरी अडचण अशी की दरडी सगळ्या एका जातीच्या नसतात आणि प्रत्येक जातीचे पावसाशी नाते वेगळे असते. उभ्या कड्यावरून सुटणारे धोंडे हे आपल्या जिल्ह्याचे जुने दुखणे. कातळातल्या उभ्या भेगांत पाणी भरते, मधली माती धुऊन जाते, झाडाची मुळे भेग रुंदावतात आणि एक दिवस धोंडा निसटतो. त्याला पाऊस थांबून ऊन पडल्यावरही निसटता येते. त्याच्यासाठी मिमीचा आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही, म्हणूनच सप्तशृंगी गडासारख्या ठिकाणी दगड अडवणाऱ्या जाळ्या लावाव्या लागतात. दुसरी जात म्हणजे मीटर-दोन मीटर जाडीची माती सुटून घळीतून चिखल-दगडांचा लोंढा येणे. ही तासातासाच्या जोरावर चालते. हाँगकाँगमध्ये १९८०च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा तिथल्या उतारांसाठी तासाला ७० मिमीच्या आसपासचा पाऊस निर्णायक ठरतो असे दिसले होते. तिसरी जात आख्खा उतार हळूहळू खचण्याची. तिच्यात रस्त्याला भेगा पडतात, खांब कलतात, भिंती तडकतात. ती आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या पावसावर चालते आणि पाऊस ओसरल्यावरही सरकत राहते. तुमच्या घरामागे दुसऱ्या जातीचा धोका सर्वांत जास्त दिसतो. कापाच्या वर जमिनीला भेग असेल तर तिसरीचाही.

आणि तिसरी अडचण पाऊस मोजण्याची. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस. त्र्यंबक तीसेक किलोमीटरवर, तर तिथे २ हजार मिमीच्या आसपास. इगतपुरीत ३ हजारांच्या वर. उलट पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे ५००च्या घरात. नाशिकच्या खिडकीतून पाऊस बघून पाड्याचा अंदाज बांधणे म्हणजे वेगळ्याच गावाचा पाऊस बघणे. महसूल मंडळानिहाय स्वयंचलित केंद्रांचे 'महावेध'चे आकडे आता मिळतात, ते शहराच्या आकड्यापेक्षा कितीतरी बरे. तरी मंडळाचे केंद्र सपाटीवर आणि पाडा कड्याखाली असेल तर फरक राहतोच. हवामान विभाग नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाटमाथा असे वेगळे इशारे देतो. तुम्ही घाटमाथ्याचा इशारा बघायचा.

पावसातल्या या फरकाची आणखी एक बाजू आहे. इगतपुरीकडे एका दिवसात १०० मिमी ही जुलैतली नेहमीची गोष्ट. तिथले उतार शेकडो वर्षे तो पाऊस झेलत आले आहेत, जे सुटायचे ते बरेचसे सुटून गेले, पाण्याने आपल्या वाटा करून घेतल्या. तोच १०० मिमी सिन्नरच्या एखाद्या टेकडीवर पडला तर तिथल्या मातीला ते नवीन असते. त्यामुळे जाणकार आकडे ठरवताना तिथल्या वार्षिक सरासरीच्या तुलनेत पाऊस किती झाला हेही पाहतात. पण ही सवय नैसर्गिक उताराची असते. गेल्या उन्हाळ्यात कापलेल्या उताराने अजून एकही पूर्ण पावसाळा पाहिलेला नाही. शेजारी सांगतील, "इथे कधी दरड आली नाही." त्यांचे म्हणणे खरे असेल, पण ते कापाआधीच्या डोंगराबद्दल आहे.

महाराष्ट्रातल्या मोठ्या दुर्घटना या नजरेने आठवून बघा. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिमी पाऊस झाल्याचे तेव्हा विधानसभेत सांगण्यात आले. केनच्या रेषेच्या जवळजवळ अडीच पट. पण तोच पाऊस खालापूरच्या कितीतरी डोंगरांवर पडला आणि ते जागच्या जागी राहिले. शिवाय ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही तेव्हाच सांगितले गेले. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. महाड तालुक्यातल्या तळीयेला २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी नोंदला गेला होता, आणि त्याच सुमारास आपल्याकडे कसारा घाटात रुळांवर दरड-माती येऊन मुंबई-नाशिक रेल्वे बंद पडली होती. माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेच्या वर बळी. तिथे वरच्या उतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाची पुढे बरीच चर्चा झाली. या तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. डोंगर पाण्याने भरलेला असतो तो हाच काळ.

आता तुमच्या घराचे बोलतो. आकडा हवाच असेल तर अशा पायथ्याच्या वस्तीला, उतार नैसर्गिक असताना, मी ढोबळमानाने हे सांगतो: आधीचा पंधरवडा ओला असेल आणि चोवीस तासांत १०० किंवा तीन दिवसांत २०० मिमी झाला, तर रात्र दुसरीकडे काढा. केनच्या रेषेच्या जवळचे आकडे आहेत, सावधगिरीचे आहेत. तुमच्या कापलेल्या उताराला मी ते निम्मे धरीन, म्हणजे ५० आणि १००. आणि इथेच तुमची योजना अडते, कारण त्र्यंबकच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवसांत १०० मिमी वारंवार होतो. तुम्ही आठवड्यातून दोनदा गाडी काढाल, दोघांना आणाल, काही होणार नाही, परत सोडाल. तिसऱ्या-चौथ्या वेळी वडील म्हणतील, "राहू दे, काही होत नाही." मग आकडा असून नसल्यासारखा.

म्हणून माझा सल्ला असा आहे: काप दुरुस्त होईपर्यंत जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत त्या घरात रात्रीची झोप नको, पाऊस कितीही असो. पाड्यातच डोंगरापासून लांब, घळीच्या तोंडावर नसलेले कोणाचे घर, शाळा, समाजमंदिर, जिथे जमेल तिथे. नाशिकला आणलेच पाहिजे असे नाही. म्हातारी माणसे घर सोडत नाहीत त्याचे खरे कारण बहुतेक वेळा गोठा असतो. बैल, गाय, शेळ्या दावणीला आणि आपण शहरात, हे त्यांना सहन होत नाही. आधी जनावरांची सोय लावा, मग आई-वडिलांना विचारा. उत्तर वेगळे येईल. दिवसा शेतात, अंगणात वावरायला हरकत नाही, पण कापाच्या आणि घराच्या मधल्या बोळात कोणी बसू-उठू नये, शेड रिकामी ठेवावी.

काप दुरुस्त करायचा म्हणजे काय? सर्वांत आधी पाणी. कापाच्या माथ्यापासून दोन-तीन मीटर वर एक चर घ्या आणि तो उताराला आडवा, हलक्या ढाळाने, बाजूच्या ओहळापर्यंत न्या. त्याच्या तळाला प्लास्टिक कागद किंवा सिमेंट हवेच. नुसता मातीचा चर पाणी बाहेर नेण्याऐवजी डोंगरात मुरवतो. याच कारणाने पायथ्याच्या वस्तीच्या बरोबर वर, जाड मातीच्या उभ्या उतारावर सलग समतल चर खणायला माझा विरोध असतो. पाणी मुरवण्यासाठी ते उत्तम काम आहे, मी स्वतः इतरत्र सुचवतो, पण इथे नेमके मुरवायचेच नाही. वर कुठे टाकीची गळकी पाइपलाइन असेल, शोषखड्डा असेल, तर तोही हलवा. पाऊस नसतानाही तो रोज डोंगराला पाणी पाजत असतो.

मग आधार. शेड मागे घेता आली तर उत्तम. उभा काप तिरका करून किंवा दोन पायऱ्यांत तोडून खाली जाळीत दगड भरलेली भिंत, म्हणजे गॅबियन, बांधावी. तिच्यातून पाणी आपोआप निघून जाते. गावाकडे बहुतेक जण सिमेंटमध्ये दगडी भिंत बांधून मोकळे होतात आणि पाणी निघायला भोकेच ठेवत नाहीत. अशा तीन मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे साडेचार टनांचा जोर येतो. त्यापेक्षा भिंत नसलेली बरी, अशी वेळ येते. भोके ठेवा, त्यामागे खडीचा थर घाला. हे काम उन्हाळ्यात करायचे. आत्ता भर पावसात पायथ्याला जेसीबी लावू नका. खाली घसरून आलेली मातीसुद्धा आत्ता उचलू नका, ती सध्या टेकूचे काम करते आहे. आत्ता करण्यासारखे एवढेच: माथ्यावर भेग असेल तर चिकणमाती ठासून ती बुजवा, वर ताडपत्री घाला आणि पागोळ्यांचे पाणी कापाकडे जाणार नाही असे वळवा.

पाऊस मात्र मोजायला लागा. सरळ उभ्या कडांचा, तळ सपाट असलेला डबा मोकळ्या जागी, छपरापासून लांब ठेवायचा. आत किती मिमी पाणी साचले ते पट्टीने बघायचे, रोज सकाळी साडेआठला, हवामान विभागाच्याच वेळेला. वहीत तीन रकाने: आजचा, तीन दिवसांचा मिळून, पंधरा दिवसांचा मिळून. पाड्यातला आठवी-नववीतला कोणताही मुलगा किंवा मुलगी हे नीट करते. दोन-तीन पावसाळ्यांची अशी वही असली आणि कुठे कधी माती सुटली हे तिच्यात लिहिलेले असले, तर त्या पाड्याचा स्वतःचा आकडा हळूहळू हाती येतो. असा आकडा जगाच्या कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाचा.

आकड्यापेक्षाही आधी डोंगर बोलतो, त्याकडे लक्ष असू द्या. नेहमीचा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ होणे. भर पावसात झरा अचानक आटणे. हे जास्त वाईट, पाणी आत कुठेतरी तुंबले आहे. नवीन जागी पाणी फुटणे. माथ्यावर अर्धगोल भेग. दारे-खिडक्या अडकू लागणे, जमिनीला फुगवटा येणे, झाडे कलणे, बारीक खडे सतत घरंगळणे. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि त्यांच्यातले अंतर सकाळ-संध्याकाळ मोजा, पण पाऊस नसताना आणि एकट्याने नव्हे. अंतर वाढते आहे असे दिसले तर पावसाचा आकडा बघायचाच नाही, घर सोडायचे. निर्णय उजेडी घ्यायचा. रात्री अकराला, वीज गेलेली, मुसळधार पाऊस, अशा वेळी म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढणे फार अवघड. आणि तशी वेळ आलीच तर घळीच्या वाटेने खाली पळायचे नाही, बाजूला, आडवे जायचे.

तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत कापाचे आणि भेगेचे फोटो जोडा, ग्रामपंचायतीचा ठराव मिळाला तर तोही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे नकाशे ५० हजारास एक या प्रमाणावर केले आहेत, 'भूसंकेत' या त्यांच्या संकेतस्थळावर माहिती मिळते. त्या प्रमाणावर तुमच्या घरामागचा काप दिसणार नाही, पण डोंगर कोणत्या गटात येतो ते कळेल आणि अर्जात लिहिता येईल. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आणीबाणीचा ११२, दोन्ही आई-वडिलांच्या फोनमध्ये आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मला पुढे नेमके सांगता यावे म्हणून तीन गोष्टी कळवा: कापापासून घराची मागची भिंत किती फुटांवर आहे, कापाच्या भिंतीवर पाणी ठिबकते ती ओली रेघ जमिनीपासून किती उंच आहे, आणि माथ्यावर भेग आहे का. भेग असेल तर उत्तराची वाट बघू नका, आजच संध्याकाळच्या आत दोघांना तिथून हलवा.